सेक्स्ड सीमेनच्या ८ कांड्या, ३ गाभण, आणि पहिलीच व्याली ती गोऱ्हा. कांडी खराब की आपलं कुठं चुकतंय?

प्रवराकाठ | २९ जुलै, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. गोठ्यात लहानमोठी १४ जनावरं आहेत, सगळी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित. मागच्या ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत मिळून सेक्स्ड सीमेनच्या (कालवडच व्हावी म्हणून निवडून काढलेल्या वीर्याच्या) ८ कांड्या भरल्या. कांडी आणि घरी येऊन भरायचे धरून दर वेळी १४०० रुपये गेले. आठात तीन गाभण राहिल्या, बाकीच्या उलटल्या (परत माजावर आल्या), आणि त्या तिघींतली पहिली परवा रविवारी व्याली तर गोऱ्हा. पहिलारू कालवड होती, पहाटे तीनपासून तिच्यापाशी बसलो होतो, आई कंदील धरून उभी (लाईट नव्हती), वासरू बाहेर आलं, मी शेपटी उचलून बघितलं आणि खरं सांगतो एक मिनिट काही बोललोच नाही. आईच म्हणाली आधी नाकातोंडातला चिकटा काढ, मग बघ काय ते.

गोऱ्ह्याचा राग नाही हो. पण आता त्याला नांगराला कोण जुंपणार, ट्रॅक्टर आलेत, २०१५ च्या कायद्यानंतर बैल कापायला बंदी, बाजारात कुणी विचारत नाही, आणि मोकाट सोडून द्यायला मन होत नाही. दूध तर रोज पाजायचंच. म्हणूनच तर एवढे पैसे घालून ती कांडी घेतली होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला भांडण करायचं नाही, समजून घ्यायचंय. ९० टक्के कालवड म्हणतात ते खरं आहे का, आणि गाभण राहण्याचं प्रमाण एवढं कमी का? लॅबमध्ये नक्की करतात काय त्या वीर्याचं? जाणकारांनी सविस्तर लिहा.

गोठाताई | २९ जुलै, रात्री ११:१५

दादा, वाईट वाटलं वाचून, पण हताश होऊ नका. मी फलटणकडची, २२ जनावरं, तीन वर्षं हेच वापरतेय. माझी वही समोर ठेवून सांगते: १९ कांड्या, १० गाभण, त्यात ९ कालवडी आणि १ गोऱ्हा. पण एक गोष्ट, त्या १९ च्या १९ मी कालवडींनाच भरल्यात, मोठ्या गायीला एकही नाही. तुमच्या आठातल्या किती कालवडी होत्या आणि किती वेताच्या गायी? आणि भरल्या किती वाजता, ते लिहून ठेवलंय का?

डॉक्टर_निवृत्त | ३० जुलै, सकाळी ७:०५

ताईंनी नेमकं विचारलं. त्याचं उत्तर द्या, मग बोलू. शिवाय एवढं सांगा: माज सकाळी दिसला का संध्याकाळी, रेतन किती तासांनी झालं, कांडी कोमट पाण्यात वितळवली का हातावर, आणि उलटलेल्या गायींपैकी आधीच उलटणाऱ्या किती होत्या.

लॅबवाला | ३० जुलै, दुपारी १:३०

प्रवराकाठ भाऊ, मी वीर्य प्रयोगशाळेत कामाला आहे (कुठल्या ते विचारू नका), तेव्हा आतलं मी सांगतो, बाहेरचं डॉक्टर सांगतील.

आधी मूळ गोष्ट. वळूच्या वीर्यात एक्स आणि वाय असे दोन प्रकारचे शुक्राणू साधारण निम्मे निम्मे असतात. एक्स गेला तर कालवड, वाय गेला तर गोऱ्हा. दोघं दिसायला सारखे, पोहायला सारखे. वजनानं वेगळे करू, गाळून वेगळे करू, अँटिबॉडीनं पकडू असे पुष्कळ प्रयोग झाले पण भरवशाचा फरक सापडला तो एकच: एक्समध्ये डीएनए सुमारे ३.८ टक्के जास्त असतो. म्हणजे शंभर किलोच्या पोत्यात पावणेचार किलोचा फरक, आणि तो ओळखायचा एका शुक्राणूत. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिलच्या केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांनी हे यंत्रावर जमवलं, १९८९ मध्ये अशा वेगळ्या केलेल्या शुक्राणूंपासून सशाची पिल्लं झाली. गायींसाठी बाजारात कांडी आली ती २००० साली ब्रिटनमध्ये.

करतात कसं तर सकाळी वळूचं वीर्य घेतलं की आधी सूक्ष्मदर्शकाखाली त्याची हालचाल बघायची. इथंच पुष्कळ वीर्य बाद होतं, कारण सॉर्टिंगला (एक्स-वाय वेगळे करायला) साधं चालणारं वीर्य चालत नाही, एकदम उत्तम लागतं. पास झालं की त्यात एक रंग घालतात, तो डीएनएला चिकटतो, पाऊण तासभर कोमट ठेवतात. सोबत लाल खाद्यरंग, तो मेलेल्या शुक्राणूत शिरतो, जिवंतात शिरत नाही, म्हणजे मेलेले यंत्राला ओळखू येतात. मग केसाएवढ्या बारीक धारेतून एकेक शुक्राणू लेसरसमोरून जातो. डीएनए जास्त तर उजेड जास्त. यंत्र त्या धारेचे थेंब पाडतं, ज्या थेंबात एक्स आहे त्याला एक विद्युतभार, वायला उलटा, आणि दोन पट्ट्यांच्या मधून जाताना एक इकडं वळतो एक तिकडं. सेकंदाला हजारो.

पण शुक्राणूचं डोकं असतं चपटं, वल्ह्याच्या पात्यासारखं. ते यंत्राकडं तोंड करून गेलं तरच मोजमाप खरं येतं, आडवं गेलं तर नाही. आडवे गेलेले, शंका असलेले सगळे फेकून दिले जातात. वळूनं एका वेळी दिलेल्या वीर्यात ५००-६०० कोटी शुक्राणू असले तरी हाताशी उरतात ते थोडेच, आणि महाग पडतं ते यामुळं. साध्या कांडीत आपल्याकडं २ कोटी शुक्राणू भरतात. सेक्स्डमध्ये पूर्वी २० लाखांच्या आसपास, आता चांगल्या कांड्यांत ४० लाख. म्हणजे साध्याच्या पाचव्या भागाएवढे किंवा त्याहून कमी.

आणि हे उरलेले शुक्राणू दमलेले असतात भाऊ. रंग, लेसर, यंत्रातला दाब, भरमसाठ पाण्यात पातळ होणं, मग गरगर फिरवून परत गोळा करणं, थंड करणं, गोठवणं. दाब कमी केल्यावर गुणवत्ता बरीच सुधारली, द्रावणंही सुधारली, तरी गाईच्या पोटात ते साध्या शुक्राणूंपेक्षा कमी वेळ टिकतात.

९० टक्क्यांचं म्हणाल तर ते खरं आहे, तपासूनच माल बाहेर जातो. पण ९० म्हणजे दहातला एक गोऱ्हा ठरलेला, आणि तो दहावाच होईल असं नाही, पहिलाही होतो. हिशोब केला तर पाच वासरांत निदान एक गोऱ्हा निघण्याची शक्यता ४१ टक्के येते. त्यामुळं तुमच्या एका गोऱ्ह्यावरून कांडी खोटी म्हणता येणार नाही. तीनात तीन झाले असते तर मी पण तुमच्यासोबत तक्रार केली असती.

सातबारा | ३० जुलै, दुपारी ३:००

लॅबवाला, छान समजावलंत. पण मला एक सांगा, आमच्या इथल्या कॉलेजच्या पोरानं सेक्स्ड कांडी फोडून मायक्रोस्कोपखाली बघितली, म्हणाला अर्ध्याच्या वर मेलेले आहेत. मग हे काय गुणवत्ता तपासतात? बरं आणि हे लिंगनिदान कायद्यात बसतं का?

लॅबवाला | ३० जुलै, संध्याकाळी ६:२०

कायदा माणसांसाठी आहे, जनावरांना लागू नाही.

दुसरं महत्त्वाचं विचारलंत. सेक्स्ड कांडीच्या दोन पद्धती आहेत. एक मी वर सांगितली, थेंब वळवायची. दुसरी जीनस एबीएस या कंपनीची, तिच्यात शुक्राणू वेगळे करत नाहीत, धारेतच दुसऱ्या लेसरनं नको असलेला वाय शुक्राणू जागेवर मारून टाकतात. त्या कांडीत मेलेले वाय तसेच राहतात, त्यामुळं तिथं मेलेले दिसणारच, तो दोष नाही. सांगली जिल्ह्यात भिलवडीला चितळे आणि जीनसचं केंद्र आहे, तिथं याच पद्धतीचं काम चालतं. तेव्हा पोरानं कुठली कांडी बघितली ते आधी विचारा. आणि ३७ अंशाची गरम काच वापरली का तेही विचारा, थंड काचेवर थेंब टाकला की चांगला शुक्राणू पण मेल्यासारखा पडून राहतो.

साध्या कांडीला वितळवल्यावर निदान ५० टक्के पुढं पोहणारे पाहिजेत असा आपल्याकडचा दंडक आहे. पण नुसतं वितळल्यावर बघून माझं समाधान होत नाही. तोच थेंब ३७ अंशाला दोन-तीन तास ठेवून परत बघायचा. वितळल्या वितळल्या ६० टक्के पळत होते आणि तीन तासांनी १५ वर आले, तर ती बॅच मला आवडत नाही. टोपी शाबूत आहे का ते पण बघतो, शुक्राणूच्या डोक्यावर एक टोपीसारखं आवरण असतं, ते आधीच उघडलं तर तो बीजात शिरू शकत नाही, नुसता पळत राहतो.

प्रवराकाठ | ३० जुलै, रात्री ९:५०

सगळ्यांचे आभार. वही नाही, पण बायकोनं कॅलेंडरवर लिहिलंय त्यावरून सांगतो. ८ पैकी ३ कालवडींना, त्यातल्या २ गाभण. ५ मोठ्या गायींना, तिसऱ्या-चौथ्या वेताच्या, त्यातल्या दोन तर साध्या कांडीलाही दोनदा उलटलेल्या. पाचातली १ गाभण. माज बहुतेक सकाळी धार काढताना दिसतो, सहाला फोन करतो, रेतनवाला नऊ-दहापर्यंत येऊन जातो. वितळवायचं म्हणाल तर मी कधी नीट बघितलंच नाही.

डॉक्टर_निवृत्त | ३१ जुलै, सकाळी ६:४५

आता चित्र स्पष्ट झालं. तुमच्या कालवडींत तीनात दोन, म्हणजे उत्तमच. बाकीचे पैसे चुकीच्या जनावरावर आणि चुकीच्या वेळी गेले.

आधी जनावर. उलटणाऱ्या गायीला सेक्स्ड कांडी कधीच नाही, हे गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा. तिच्यात काहीतरी अडचण आहे म्हणून ती उलटतेय, तिथं २ कोटी टिकेनात तर ४० लाख काय टिकणार. पहिली पसंती कालवड, वजन अडीचशे किलोच्या पुढं, दोन-तीन माज नियमित २१ दिवसांनी आलेली, बळस (माजावर येणारा चिकट स्राव) काचेसारखी स्वच्छ. नंतर एखादी पहिल्या-दुसऱ्या वेताची गाय, जिची झार (वार) वेळेवर पडली होती आणि जी वाळलेली नाही. कालवडीला आणखी एक फायदा, मादी वासरू अंगानं लहान असतं, पहिलारूला सहसा अडत नाही.

आता वेळ. गायीचं बीज उभा माज सुरू झाल्यापासून २८-३० तासांनी सुटतं. साधं वीर्य लवकर भरलं तरी दिवसभर तग धरून वाट बघतं. सेक्स्ड वीर्य वाट बघू शकत नाही. तुम्ही सहाला माज बघून नऊला भरताय, म्हणजे बीज यायच्या आधी ते संपलेलं असतं. सकाळी दुसरी गाय अंगावर चढली तरी जी हलत नाही, उभी राहते, ती वेळ धरा आणि १६ ते २० तासांनी भरा. सकाळी दिसली तर रात्री दहाच्या सुमारास, संध्याकाळी सहाला दिसली तर दुसऱ्या दिवशी दहा ते दोनमध्ये. रात्री दहाला कुणी येत नाही हे मला माहीत आहे, ३१ वर्षं नोकरी केली आहे. म्हणून संध्याकाळी माज दिसलेल्या जनावरालाच सेक्स्ड भरायची आणि सकाळवालीला साधी, असं ठरवलं तरी पुष्कळ फरक पडतो.

आणि तिसरं, पुढच्या वेळी रेतनवाला आला की त्याच्याजवळ उभे राहा. काही बोलू नका, फक्त बघा आणि इथं लिहा.

खिल्लारप्रेमी | ३१ जुलै, सकाळी ९:१०

आमच्याकडं सगळं उलटं आहे, मंगळवेढ्याकडं खिल्लार गाय व्याली की लोक गोऱ्हा झाला का विचारतात. २०२३ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीला मान्यता दिल्यापासून चांगल्या खोंडाला काय किंमत आलीय विचारू नका. गोऱ्ह्याची कांडी मिळते का कुठं?

लॅबवाला | ३१ जुलै, दुपारी १:१५

यंत्राला दोन्ही सारखंच, वाय बाजूला काढता येतोच. पण दूधवाल्यांची मागणी एवढी की आपल्याकडं जवळजवळ सगळे एक्सच काढतात.

दूर_देशी | १ ऑगस्ट, पहाटे ४:३०

मी मूळचा बारामतीचा, सध्या अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये एका डेअरीवर कळप सांभाळायचं काम करतो. इथं वासरू जन्मल्यावर त्याची जनुकीय चाचणी करतात, वरच्या दर्जाच्या कालवडींना सेक्स्ड, आणि खालच्या दर्जाच्या गायींना सरळ अँगससारख्या मांसाच्या वळूचं वीर्य. ते वासरू चांगल्या पैशाला विकलं जातं. म्हणजे गोऱ्हा झाला तरी इथं तोटा नाही. आपल्याकडं तो रस्ताच नाही, म्हणून एकेका कांडीची किंमत आपल्या माणसाला जास्त आहे, आणि तरी काळजी इथं जास्त घेतात. इथं कांडी वितळवायच्या पाण्यात थर्मामीटर नसेल तर कामगाराला कांडी उचलू देत नाहीत.

गोठाताई | १ ऑगस्ट, दुपारी २:४०

दूर_देशी दादांचं पटलं. आपल्याकडं पण जनुकीय चाचणीची चिप आली आहे ना, गौचिप. ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी तिचं आणि देशी सेक्स्ड सीमेन तंत्राचं उद्घाटन केलं होतं, कांडीमागं २०० रुपये कमी होतील असं तेव्हा सांगितलं होतं. स्वस्त झालं तर चांगलंच आहे, पण मला एक भीती वाटते ती बोलून दाखवते. नुसत्या कालवडी पैदा करून उपयोग नाही. कालवड दुधात यायला अडीच वर्षं खाते. माझ्याकडं एका वर्षी सहा झाल्या, मी आनंदात, आणि उन्हाळ्यात मुरघास (साठवलेला हिरवा चारा) संपला तेव्हा त्या सहाही खंगल्या, दोघींचा माज सहा महिने लांबला. आता मी वर्षाला चारच करते. बाकी सगळ्या साध्या कांडीवर. आणि दोन वेळा सेक्स्ड भरून उलटली की तिसऱ्यांदा साधीच, हट्ट करत नाही.

प्रवराकाठ | २१ ऑगस्ट, रात्री ११:३०

डॉक्टर साहेब, तुम्ही सांगितलं तसं केलं. काल संध्याकाळी साडेसहाला हरणी कालवड माजावर आली, आज सकाळी साडेअकराला रेतनवाल्याला बोलावलं आणि शेजारी उभा राहिलो. जे बघितलं ते लिहितो.

गाडीच्या मागं नायट्रोजनचा डबा दोरीनं बांधलेला. झाकण काढलं, पांढरी वाफ आली, आतला डबा वर ओढला तो पार तोंडाच्या वर, आणि कुठल्या वळूची कांडी कुठं आहे ते शोधायला लागला. मी मनात आकडे मोजत होतो, २६ झाले. नको ती कांडी वर काढली, परत खाली सोडली, दुसरी काढली. म्हणजे ती पहिली कांडी अर्धवट वितळून परत गोठली, ती आता कुणाच्या तरी गायीच्या नशिबी. मग निघालेली कांडी दोन्ही तळहातांत घेऊन चोळली, शर्टला पुसली, कापली, तेवढ्यात फोन वाजला, खांद्यावर फोन धरून बोलत बोलत कांडी रेतनाच्या गनमध्ये घातली. माझ्या बायकोनं घरात कोमट पाणी तयार ठेवलं होतं, मी द्यायला गेलो तर म्हणाला गरज नाही लागत.

मला राग आला पण त्याच्याकडं बघून बोलवेना. पोरगं २५-२६ चं, दिवसाला ३०-४० ठिकाणी जातं, डबा स्वतःच्या पैशानं घेतलाय. मी म्हटलं जरा नायट्रोजन किती आहे बघू का, त्यानं लाकडी पट्टी दिली, आत बुडवून बाहेर हवेत हलवली तर बर्फाची पांढरी रेघ चार बोटांवर. म्हणाला आज संध्याकाळी भरायचाय.

डॉक्टर_निवृत्त | २२ ऑगस्ट, सकाळी ७:३०

तुमच्या उलटलेल्या गायींची कारणं शोधताना हे पण धरा. आत उणे १९६ अंश असतं. कांड्यांचा आतला डबा मोठ्या डब्याच्या मानेच्या वर ओढला की काही सेकंदांत कांडीचं तापमान चढायला लागतं, कांडी एवढी बारीक, पाव मिलीची, तिला गरम व्हायला वेळ कितीसा लागणार. पाच-सात सेकंदांत कांडी नाही मिळाली तर डबा परत खाली सोडायचा, गार होऊ द्यायचा, मग परत. आणि ३७ अंशाच्या पाण्यात ३० सेकंद, मग कोरडी पुसून लगेच भरायची. हाताच्या उबेनं वितळते खरी, पण सावकाश, आणि त्या सावकाशपणात आत बर्फाचे स्फटिक वाढून शुक्राणू फाटतात. साध्या कांडीत २ कोटींतले निम्मे मेले तरी १ कोटी उरतात आणि गाय राहते, म्हणून ही सवय वर्षानुवर्षं खपून गेली. सेक्स्डमध्ये तेवढी शिल्लकच नसते.

त्या पोराला दोष देऊन भागणार नाही. त्याला घरात बसवा, चहा द्या आणि थर्मामीटर तुम्ही विकत आणा.

लॅबवाला | २२ ऑगस्ट, दुपारी १:५०

वाचून पोटात कालवलं. एका कांडीसाठी आम्ही पहाटेपासून उभे असतो, एक अंश इकडचा तिकडं होऊ देत नाही.

प्रवराकाठ | १४ सप्टेंबर, रात्री ८:२०

दोन गोष्टी. एक, सोनीला (जुन्या तिघींतली दुसरी, कालवडच होती) परवा कालवड झाली. दोन, रेतनवाल्या पोराला हा धागा दाखवला. आधी गप्प बसला, मग लॅबवाल्यांचं सगळं वाचलं, दोनदा वाचलं. म्हणाला ट्रेनिंगला हे सांगितलं होतं पण घाईत सुटून गेलं. आता त्यानं डब्यावर कागद चिकटवलाय, कुठल्या खान्यात कुठला वळू ते लिहून, म्हणजे शोधायला लागत नाही. थर्मामीटर मी आणला, १२० रुपये. हरणी उलटली होती, तिला ११ तारखेला परत भरली, पाण्यात ३० सेकंद मी स्वतः घड्याळ धरून. त्याच आठवड्यात अजून दोन कालवडींना भरल्या.

गोठाताई | १४ सप्टेंबर, रात्री ८:४५

सोनीच्या कालवडीचं अभिनंदन! आता वही घाला दादा, कॅलेंडर वर्ष संपलं की फाडतात.

प्रवराकाठ | १२ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आज तपासणी झाली, सप्टेंबरच्या तीन कालवडींपैकी दोन गाभण, हरणी त्यातच आहे. वही घातली आहे, बायकोच्या हातात. जुन्या तिघींतली तिसरी, चौथ्या वेताची राणी, तिनं कास भरलीय, आठवडाभरात व्यायची.

प्रवराकाठ | १९ नोव्हेंबर, पहाटे ४:५०

राणी व्याली. पावणेतीनला. कालवड आहे, कपाळावर चांद, मागचे दोन्ही पाय पांढरे. या वेळी शेपटी आईनं उचलून बघितली.

डॉक्टर_निवृत्त | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

छान. नाळेला आयोडीन लावलं का? चीक किती पाजला?

प्रवराकाठ | १९ नोव्हेंबर, सकाळी ६:२५

लावलं. पहिल्या तासात दोन लिटर पाजला, आता उभी राहून गव्हाणीला टक्कर देतेय.